दिवसभर गुणी, सकाळी हट्टी: जुन्या एमपीएफआय गाडीचं थंडीतलं स्टार्टिंग

तुमची तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर इथंच कळेल. २००३ सालची चार सिलिंडरची एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमानं इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी) हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटरच्या पुढं पळालेली, मागून बसवलेलं सीएनजी किट. पिंपळगाव बसवंतला अंगणात उघड्यावर उभी असते. डिसेंबर लागल्यापासून सकाळी चार-पाच सेल्फ खाते, मग कशीबशी पकडते, पण दोन मिनिटं फडफडते आणि रेस सोडली की बंद पडते. एकदा गरम झाली की दिवसभर पहिल्या सेल्फला चालू. बॅटरी नवी, प्लग नवे, एअर फिल्टर नवा. दोन ठिकाणी दाखवलीत. एकानं गाडीच्या टाकीतला पेट्रोल पंप बदलायला सांगितला, दुसऱ्यानं थेट ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आता पैसे नेमके कशावर घालायचे, हा तुमचा प्रश्न.

सध्या कशावरच घालू नका. तुम्ही वर्णन चांगलं दिलंय, पण त्यात एक गोष्ट राहिली आहे आणि माझ्या मते अर्धं निदान तिथंच आहे. गाडीला त्रास गारठ्याचा होतो, की रात्रभराच्या मुक्कामाचा?

आपण दोन्हीला 'कोल्ड स्टार्ट' म्हणून मोकळे होतो, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. गाडी आठ तास उभी राहिली की पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरू शकतं. हे मे महिन्यातही होतं. इंजिन थंडगार असलं की त्याला जास्तीचं पेट्रोल लागतं, आणि ते द्यायचं ठरवणारी यंत्रणा चुकली की त्रास होतो. तो फक्त थंडीत जाणवतो. सकाळी सहाला दोन्ही गोष्टी एकदमच घडलेल्या असतात, म्हणून गल्लत होते. त्या वेगळ्या करायला पैसा लागत नाही. एखाद्या रविवारी सकाळी गाडी फिरवून आणा, आठ-साडेआठला उन्हात लावा आणि थेट संध्याकाळी पाचला सेल्फ मारा. आपल्याकडे जानेवारीतही दुपार चांगली तापते. तेव्हाही सकाळसारखीच रडली तर दोष मुक्कामाचा. पहिल्या सेल्फला उठली तर गारठ्याचा. अधलंमधलं काही झालं तर दोन्ही थोडं थोडं आहे असं धरा. वीस वर्षांच्या गाडीत तेही नवल नाही.

मी नाशकात पंचवीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय. निफाडच्या पट्ट्यात पारा ४-५ अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि त्याच सकाळी माझा फोनही पेटतो. पण यातल्या बहुतेक गाड्या माझ्यापर्यंत येतात अकरा वाजता, चांगल्या तापून, टुणटुणीत. तोवर सगळा पुरावा वितळून गेलेला असतो. मग फिटर बिचारा अंदाजानं पार्ट सांगतो, गिऱ्हाईक बदलतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तुमच्या दोन्ही गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांनी आजारी गाडी पाहिलेलीच नाही.

आता मुक्कामाच्या बाजूनं सुरुवात करू, कारण तिची चाचणी अगदी सोपी आहे.

सकाळी सेल्फ मारायच्या आधी चावी नुसती 'ऑन' करा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक गुणगुण येईल आणि थांबेल. चावी बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा ऑन. असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. प्रत्येक वेळी पंप थोडं थोडं प्रेशर चढवतो. या युक्तीनं गाडी पटकन उठली, तर रात्रीत प्रेशर उतरतंय याची जवळजवळ खात्रीच. गुणगुण अजिबात आलीच नाही, तर आधी पंपाचा रिले आणि फ्यूज बघा. काही गाड्यांत मात्र पंप सेल्फ फिरल्यावरच चालू होतो, तिथं ही युक्ती लागू नाही.

प्रेशर उतरतंय हे कळलं तरी लगेच पंपावर उडी मारू नका. ते तीन वाटांनी पळतं. पंपाच्या तोंडाशी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो झिजला की पेट्रोल मागं टाकीत उतरतं. रेलवरचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरचा) प्रेशर रेग्युलेटर नीट बंद होत नसेल तर ते रिटर्नच्या नळीतून जातं. आणि एखादा इंजेक्टर ठिबकत असेल तर ते रात्रभर इंजिनात जातं. तिसऱ्याची खूण वेगळी असते: सकाळी पेट्रोलचा वास, चालू होताना काळा धूर, आणि चारपैकी एकच प्लग ओला, काळा. अशा गाडीला पेट्रोल कमी पडत नाही, जास्त झालेलं असतं. तिला चावीची युक्ती उपयोगाची नाही. तिचा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असं केलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि साचलेलं पेट्रोल उडून जातं.

रेग्युलेटरची पहिली तपासणी दहा सेकंदांची आहे. त्याच्या डोक्यावरून इनटेक मॅनिफोल्डला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी काढा आणि वास घ्या. आत पेट्रोलचा थेंब किंवा ओला वास आला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. बाकी काही तपासायची गरज नाही, तोच बदला.

नळी कोरडी असेल तर प्रेशर गेज लावावं लागतं. हे काम गॅरेजमध्येच, आणि लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून प्रेशर उतरवल्यावरच. अंगणात, पानसुपारी खात, जवळ शेकोटी पेटलेली असताना तर मुळीच नाही. (हसू नका, पाहिलंय.) या पिढीच्या बहुतेक गाड्यांत प्रेशर अडीच ते तीन बारच्या आसपास असतं. इंजिन बंद केल्यावर ते थोडं उतरणं साहजिक आहे, पण पाच-दहा मिनिटांत काटा शून्याला टेकत असेल तर गळती आहे. मग रिटर्नच्या रबरी नळीला क्लॅम्प लावून पुन्हा बघायचं. काटा धरून राहिला तर रेग्युलेटर. तिथं फरक पडला नाही तर पंपाकडून येणाऱ्या नळीला, गेजच्या अलीकडं, क्लॅम्प लावायचा. आता धरला तर टाकीची बाजू. दोन्हीकडून बंद करूनही उतरतोय, तर इंजेक्टर. क्लॅम्प म्हणजे गुळगुळीत जबड्याचा. पकड लावून जुनी रबरी नळी चिरडली की एकाच्या जागी दोन गळत्या होतात. ज्या गाडीला रिटर्नची नळीच नाही, तिचा रेग्युलेटर टाकीत पंपासोबत असतो.

'टाकीची बाजू' असं मी मुद्दाम म्हटलं, 'पंप' म्हटलं नाही. ओझरकडचे एक बागायतदार माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे दोन पंप बदलून झाले होते, दोष जागच्या जागी. टाकीतून अख्खं युनिट बाहेर काढलं. पंप ठणठणीत. पंपापासून झाकणापर्यंत जाणारी चार बोटांची नळी तडकलेली होती, आणि दोन्ही वेळा तीच जुनी नळी नव्या पंपाला चढवलेली. पंप चालू असताना तो गळती भरून काढायचा, बंद झाला की रात्रभरात सगळं टाकीत. इंजेक्शनच्या पेट्रोलला चालणारी आणि टाकीत बुडून राहिली तरी टिकणारी नळी घातली, काम संपलं. साधी बाहेरची रबरी नळी तिथं चालत नाही, ती आतबाहेरून फुगते.

आता तुमचं सीएनजी. इथं माझा संशय जरा दाट आहे. सीएनजीवाले लोक टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवतात, तेही चार महिन्यांपूर्वी टाकलेलं. पेट्रोल म्हणजे हलक्या आणि जड घटकांचं मिश्रण. थंड इंजिन पेटतं ते हलक्या घटकांच्या वाफेवर, आणि जुन्या पेट्रोलमधून नेमके तेच आधी उडून जातात. राहतं ते जड पेट्रोल. गरम इंजिनात बिनतक्रार जळतं, ५ अंशांवर मात्र वाफ धरत नाही. शिवाय बुडालेला पंप पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी कायम रिझर्व्हला असली की तो तापतो, झिजतो. इंजेक्टर महिनोन्‌महिने वापरात नसले की त्यांच्या तोंडाशी डिंकासारखा थर धरतो. म्हणून कुठलाही पार्ट घेण्याआधी आठ-दहा लिटर ताजं पेट्रोल टाका आणि दोन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. माझ्याकडच्या कितीतरी सीएनजी गाड्या एवढ्यावरच निम्म्या सुधारतात. किट सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) असेल तर गाडी पेट्रोलवरच चालू होऊन गरम झाल्यावर गॅसवर जायला हवी. कुणी सेटिंग बदलून थंड असतानाच गॅसवर टाकत असेल, तर फडफडण्याचं कारण तिथंच सापडेल: इंजिनचं पाणी गरम झाल्याशिवाय गॅसचा रेड्युसर (प्रेशर उतरवणारा भाग) नीट काम देत नाही.

याच ओघात इथेनॉलबद्दल, कारण हल्ली प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. पेट्रोल भरतो त्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००३ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, हे खरं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते; या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त हवं. इंजिन गरम झाल्यावर धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ही चूक ओळखून सुधारतो, पण थंड इंजिनात तो झोपलेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्या हिशोबानंच पेट्रोल देतो. वर इथेनॉलला वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना याच कारणासाठी थंडीत स्टार्ट करायला पेट्रोलची छोटी वेगळी टाकी द्यावी लागली होती. तरीपण धडधाकट गाडी २० टक्क्यांना दाद देत नाही. आधीच काठावर असलेली गाडी मात्र त्यानं पलीकडं ढकलली जाते. काठावर तिला कुणी नेलं, ते शोधायचं.

बऱ्याचदा तो असतो कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणारा. दोष गारठ्याचा निघाला तर माझा पहिला हात इथं जातो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक तुमच्या हातात होता. सकाळी ओढायचा, गरम झाली की ढकलायचा. इंजेक्शनच्या गाडीत ही दोरी कॉम्प्युटरच्या हातात आहे, आणि इंजिन थंड आहे की गरम हे त्याला सांगणारा हा एकच बोटभर सेन्सर. थंड इंजिनात पेट्रोलचा बराचसा भाग वाफ न होता पोर्टच्या भिंतींना चिकटतो, म्हणून कॉम्प्युटर भरपूर जास्तीचं पेट्रोल देतो. सेन्सरनंच '४० अंश आहे' असं सांगितलं, तर तो कशाला देईल? मग तुम्ही सेल्फवर सेल्फ मारता, दर वेळी थोडं थोडं पेट्रोल साचतं, आणि पाचव्यांदा पुरेसं झालं की ती पकडते. पकडल्यावरही मिश्रण पातळच (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), म्हणून फडफड. तुमच्या वर्णनाशी हे चांगलं जुळतं.

गंमत म्हणजे स्कॅनरवर याचा कोड (कॉम्प्युटरनं नोंदवलेला दोषाचा नंबर) बहुतेक वेळा येत नाही. सुझुकीच्या जुन्या इंजेक्शन गाड्यांत डॅशबोर्डवरच्या चेक इंजिन दिव्याच्या लुकलुकीवरून कोड वाचता येतो. १४ किंवा १५ आला तर या सेन्सरची लाइन तुटलेली किंवा शॉर्ट, १२ आला तर सगळं ठीक. पण कॉम्प्युटरला फक्त तुटलेली किंवा शॉर्ट झालेली लाइन कळते. सेन्सर खोटं बोलतोय, हे त्याला कसं कळावं? ८ ऐवजी ४० अंश हाही एक शक्य आकडाच आहे. म्हणून 'स्कॅन केलं, काही नाही' या वाक्यावर मी कधी थांबत नाही. स्कॅनरमध्ये कोडच्या पानाऐवजी लाइव्ह डेटा उघडा, आणि तोही पहाटे, सेल्फ मारायच्या आधी. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या हवेइतके आणि एकमेकांपासून दोन-चार अंशांत हवेत. एक ९ आणि दुसरा ३५ दिसला, तर चोर सापडला.

स्कॅनर नसेल तर दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. सेन्सरचा कनेक्टर काढून दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. सुझुकीच्या नेहमीच्या सेन्सरला ० अंशांला साधारण पावणेसहा किलोओहम, २० ला अडीचच्या आसपास, ४० ला सव्वाच्या जरा खाली आणि ८० ला तीनशे-साडेतीनशे ओहम मिळतात. इतर बऱ्याच गाड्यांचे आकडेही याच्या जवळपास असतात. पहाटे ८ अंशांत तुमचा मीटर दीड किलोओहम दाखवत असेल, तर पुढं बघायचं कारण नाही.

खात्री करायची माझी आवडती युक्ती अशी: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून रुपया-दोन रुपयांचा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणा आणि पहाटे सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये खोचा. कॉम्प्युटरला वाटेल इंजिन ४-५ अंशांवर आहे. गाडी पहिल्या सेल्फला उठली, तर नवा सेन्सर बिनधास्त घ्या. रेझिस्टर लगेच काढा. तो ठेवून गाडी चालवली तर इंजिन पेट्रोल पीत सुटेल. एका महाशयांनी 'चांगली चालतेय की' म्हणून तो आठवडाभर तसाच ठेवला आणि काळा धूर घेऊन परत आले.

सेन्सर बदलताना एक घोटाळा हमखास होतो. इंजिनवर तापमानाचे दोन सेन्सर असू शकतात. एका वायरचा असतो तो डॅशबोर्डच्या काट्याचा, दोन वायरींचा कॉम्प्युटरचा. लोक पहिला बदलतात आणि 'सेन्सर नवाच आहे' म्हणतात. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशी असेल तर तीही साफ करा, कारण तिनं रेझिस्टन्स वाढतो आणि उलटा प्रकार होतो: कॉम्प्युटर इंजिनाला बर्फ समजून पेट्रोल ओततो.

रेस सोडली की बंद पडते, हे तुमचं दुसरं लक्षण. त्यात सेन्सरचा हात असेल, पण थ्रॉटल बॉडीही (इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग) बघाच. थंड इंजिनाला पेट्रोलबरोबर जास्तीची हवाही लागते, ती आयडलच्या (रेस सोडल्यावर इंजिन चालू ठेवणाऱ्या) व्हॉल्व्हमधून येते. सव्वा लाख किलोमीटरमध्ये तिथं काजळीचा लेप बसलेला असतो. ॲक्सिलरेटर किंचित दाबून सेल्फ मारल्यावर गाडी पटकन उठत असेल, तर हवेची वाट तुंबली आहे. क्लीनर स्प्रे आणि जुना मऊ ब्रश, तासाभराचं काम. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. आणि थ्रॉटलच्या झडपेच्या टेकूचा तो लहान स्क्रू पिळून आयडल वाढवून देणारा कुणी भेटला, तर चहा पाजून त्याला वाटेला लावा. त्यानं सकाळ सुधारल्यासारखी वाटते, पण थ्रॉटल सेन्सरचं गणित बिघडतं आणि पुढचा प्रत्येक माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

बॅटरी नवी आहे, ठीक. पण करंट सेल्फपर्यंत पोचतो का? भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते; सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. त्याच वेळी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. जुन्या गाडीचं हे फार दुर्लक्षित दुखणं आहे. आवाज कमी यावा म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० ऑइल घातलं असेल, तर थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं आणि सेल्फ आळसावतो. पुढच्या सर्व्हिसला गाडीच्या पुस्तकातलं पातळ ग्रेड घ्या. नव्या प्लगचा नंबर आणि गॅप एकदा तपासा. प्लग वायर जुन्या असतील तर अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारायला सांगा. निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर बदला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) यांच्याकडे वळायचं ते हे सगळं निर्दोष ठरल्यावरच.

ईसीएमचं म्हणाल तर, बिघडलेला कॉम्प्युटर सहसा सूर्य उगवायची वाट बघत नाही. जुन्या सर्किटमधले कपॅसिटर गळतात, सोल्डरचे टाके सुटतात, आणि असा ईसीएम थंडीत रुसून गरम झाल्यावर चालतो, हे मी पाहिलेलं आहे. पण पंचवीस वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच. दोन रुपयांचा रेझिस्टर लावायच्या आधी कुणी कित्येक हजारांचा बॉक्स सांगत असेल, तर नम्रपणे नको म्हणा.

तेव्हा आधी ताजं पेट्रोल आणि दोन दिवस पेट्रोलवर. मग रविवारची उन्हातली चाचणी. ती झाली की मला तीन गोष्टी कळवा: चावी तीनदा ऑन केल्यावर सकाळी काय झालं, रेग्युलेटरच्या नळीला वास आला का, आणि पहाटे सेन्सरचा रेझिस्टन्स किती भरला, सोबत त्या वेळचं बाहेरचं तापमान. एवढ्यानं उलगडलं नाही, तर गाडी संध्याकाळी गॅरेजला नेऊन रात्रभर तिथंच ठेवा, आणि चावी देताना सांगा की सकाळी फिटर गेज आणि स्कॅनर लावून तयार होईपर्यंत तिला कुणीही सेल्फ मारायचा नाही, जागा करायला सुद्धा नाही. ढकलून बाजूला घ्या म्हणावं.